एका सामन्याचे दोन हरलेले

बसा, मंडळी, बसा! मागच्या माउल्यांनो, पुढं सरका. खांबाला टेकलेल्यांना मी काही म्हणत नाही, त्यांची झोप आधीच ठरलेली आहे! बाकीच्यांनी ऐका.

आजचा सवाल सोपा आहे. शिट्टी फुंकायला पंच नाही. बघायला कुणी नाही. आणि विजय आपणहून तुमच्या पदरात येऊन पडलाय! सगळं जग म्हणतंय, तूच जिंकलास. आणि तुम्हाला एकट्याला माहीत आहे, की तुम्ही हरलात. काय कराल? — माना हलवू नका! आधी ऐका, मग हलवा.

आख्यान आहे सांगलीकडच्या बोरखडी गावातलं. पुराणातलं नाही हो! आत्ताचं. आणि आहे मोबाइलवरच्या खेळाचं! हसलात? मीही हसलो होतो. कीर्तनात मोबाइलचा उद्धार करायचा असतो, आख्यान नाही! पण मंडळी, देव कुठून डोकावेल याचा नियम त्यानं आपल्याला विचारून केलेला नाही.

बोरखडीत पिठाची गिरणी चालवते प्रयागा खिलारे. एके काळची कबड्डीची खेळाडू! चढाईला निघाली की समोरच्या पोरी आपापसात भांडायच्या, हिला धरायचं कुणी म्हणून. गुडघा गेला, खेळ सुटला. जोडीच्या पोरी लग्न होऊन चार दिशांना गेल्या. मग काय? मोबाइलवर कबड्डीचा एक गेम होता, 'चढाई' नावाचा. सातही गडी आपल्या बोटाखाली. प्रयागानं सगळ्या मैत्रिणींना त्यात ओढलं. मग मैत्रिणींचे दीर आले, भाचे आले, एकीचे तर सासरे आले! झाली बोरखडी लीग. सात वर्षं! सहाशेवर खेळाडू! कुणाचा सामना कुणाशी, याचं वेळापत्रक ही बाई गिरणीत बसून हातानं लिहायची. पिठानं पांढरा झालेला कागद, त्याचा फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. ही त्यांची कचेरी!

आता या लीगचा एक रिवाज ऐका. आमच्या लहानपणी मातीवर कबड्डी चालायची, तेव्हा कुठला पंच आणि कुठलं काय! गडी शिवला गेला, की तो स्वतःच हात वर करून बाहेर यायचा. कुणी पाहिलं नसलं तरी! प्रयागानं तेच इथं आणलं. सामना संपला, की निकाल ग्रुपवर कुणी टाकायचा? जिंकलेल्यानं? छे! हरलेल्यानं! तो लिहिणार — 'अमका इतके, मी इतके. मी हरलो.' तेव्हाच निकाल पक्का. आणि कुणाची रेंज गेली, लाइट गेली, तर थांबायचं. तो परत आला, की तिथूनच पुढं खेळायचं.

तुम्हाला वाटेल, लोक खोटं बोलत असतील. सात वर्षांत एक तक्रार नाही! आपल्याकडे भजनात टाळ कुणी चुकवला, यावरून आठवड्यातून दोनदा भांडण होतं... पखवाजवाले बुवा, तुमच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही!

आता हा 'चढाई' गेम बनवणारी कंपनी पुण्याची. त्यांच्या ध्यानात आलं, की रविवारी आपल्या गेमवर जी गर्दी उसळते, ती एका गिरणीवाल्या बाईच्या हुकमानं! आले की हो गाडी घेऊन. निखिलेश देवधर नावाचे साहेब. भला माणूस. गिरणीत उभे राहिले, काळी पॅन्ट पांढरी झाली.

"ताई, तुमची लीग आम्ही गेमच्या आतच घेतो. वेळापत्रक आपोआप लागेल. कुठूनही माणूस बटण दाबेल आणि तुमच्या लीगमध्ये येईल. आणि लीग जिंकणारा आमच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत खेळेल."

प्रयागाच्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षं जे एकटीनं ओढलं, त्याला कुणीतरी खांदा देत होतं.

"पण एक आहे," साहेब म्हणाले. "निकाल यंत्र लावणार. आणि ज्याचं कनेक्शन तुटलं, तो हरला. जगभर असंच चालतं."

"आन् हरलेल्याचा शबुद?"

"त्याची गरजच उरणार नाही, ताई."

गरज उरणार नाही! केवढं मोठं वाक्य बोलून गेला हो साहेब, त्याचं त्यालाही कळलं नाही. हो म्हणावं, तर लीग मोठी होते आणि तिचा जीव जातो. नाही म्हणावं, तर सहाशे जणांच्या तोंडचा घास काढल्यासारखं. प्रयागा म्हणाली, "रविवारी आमची फायनल हाय. तुमच्याच यंत्रावर खेळवा. मग बोलू." साहेब कबूल! म्हणाले, याच फायनलचा विजेता पुण्याला देशपातळीवर खेळेल.

आता फायनल कुणाची? एक — मिरजेचा जमीर शिकलगार. सतारी बनवणारा माणूस. भोपळ्यावर हात ठेवला की आतला सूर सांगतो म्हणे! त्याचं एकच स्वप्न, ही लीग जिंकायची, आणि आता तर पुढं पुण्याची स्पर्धा! तीन वर्षं फायनलला येऊन हरलेला. दुसरा — सातपुड्यातल्या धडगावकडचा गुलाब पाडवी. डोंगरावरचा पोस्टमन. त्याच्या पाड्यावर रेंज नाही. टेकडीवर पाण्याची टाकी आहे, तिच्या शिडीवर उभा राहून खेळायचा! आपण घरात गादीवर लोळत दोन मिनिटं नाव घेत नाही देवाचं, आणि हा शिडीवर!

रविवारी सकाळी अकराला सामना सुरू. गिरणी बंद, गिरणीत गर्दी. मोठा पडदा लावलेला. जमीर अठ्ठावीस, गुलाब सत्तावीस. शेवटची चढाई गुलाबची! त्याचा गडी आत घुसला — एकाला शिवला — कोपऱ्यातल्या दुसऱ्याला शिवला — वळला — मध्यरेषेकडं पळतोय, पळतोय — आणि पडदा थिजला!

रेंज गेली!

यंत्रानं क्षणभर वाट बघितली आणि झळकवलं — 'गुलाब पाडवी मैदान सोडून गेले. विजेता जमीर शिकलगार!' फुलं उडाली, तुताऱ्या वाजल्या. यंत्रच ते, त्याला काय!

गिरणीत कुणी टाळी वाजवेना. सगळ्यांनी आपापले मोबाइल काढले आणि ग्रुप उघडला. देवधर साहेब म्हणाले, "आता कसली वाट बघताय?"

प्रयागा म्हणाली, "हरलेल्याची."

आणि तिकडं मिरजेत जमीर! त्याच्या हातातला मोबाइल म्हणतोय, तू जिंकलास. तीन वर्षांचं स्वप्न हातात! पण मंडळी, त्याच्या पडद्यावर चित्र थिजायच्या आधी एक गोष्ट दिसली होती. गुलाबच्या गड्याचा पाय मध्यरेषेला लागलेला! ते फक्त त्यानं पाहिलं. दुनियेत दुसऱ्या कुणी नाही. काय करावं त्यानं? तुम्ही काय केलं असतं? ...आता का गप्प?

पाच मिनिटांनी ग्रुपवर अक्षरं उमटली. 'माझे दोन गडी शिवले गेले. गुलाबभाऊचा पाय रेषेला लागला होता. गुलाब २९, मी २८. मी हरलो.'

साहेबांनी धावत फोन लावला. "अहो जमीरभाई, सिस्टीममध्ये तुम्ही विजेते आहात!"

"सिस्टीमचं सिस्टीमपाशी, साहेब. माझी मानसं शिवली गेली, ती मी बगितली ना!"

विठ्ठल! विठ्ठल! पण थांबा, आख्यान संपलं नाही. वीस मिनिटांनी गुलाबला रेंज आली. त्याला यातलं काहीच माहीत नाही. ग्रुपवरचं काही वाचायच्या आधीच त्यानं रिवाजाप्रमाणे आपला निकाल टाकला. 'माझा गडी रेषेच्या वीतभर अलीकडंच थांबला. जमीरभाई २८, मी २७. मी हरलो.'

ज्याच्या-त्याच्या पडद्यावर चित्र वेगळ्या जागी थिजलेलं! एक सामना, आणि दोन हरलेले! अहो, जिंकलो म्हणून भांडणारे गल्लोगल्ली आहेत. मी हरलो, मी हरलो म्हणून भांडणारे दोघं कुठं बघितलेत? एक मुसलमान कारागीर, एक डोंगरातला पोस्टमन. एकमेकांचं तोंडही न बघितलेले! गिरणीत म्हातारे डोळे पुसत होते. साहेबांनी चष्मा काढला. पीठ गेलं म्हणे डोळ्यांत!

प्रयागानं न्याय केला. "शेवटची चढाई पुन्हा. सत्तावीस-अठ्ठावीसवरून."

चढाई झाली. आणि जमीर जिंकला! असंच वाटलं ना तुम्हाला? खरं बोलणाऱ्याला देव पावला, पेढे वाटा, आरती म्हणा! नाही हो. हरला! गुलाबनं पुन्हा दोघांना शिवलं आणि या वेळी सगळ्यांदेखत रेषा ओलांडली. चौथ्या वर्षीही जमीर हरला. आणि त्यानंच तिसरा निकाल लिहिला — 'गुलाब २९, मी २८. मी हरलो. गुलाबभाऊ, पुण्याला जाताना मिरजेत उतरा, जेवून जा.' या माणसाच्या पायावर डोकं ठेवावं, दुसरं काय करावं?

देवधर साहेब पुण्याला गेले आणि वरच्यांशी भांडले. सगळं नाही मिळालं. देशपातळीवर अजून यंत्राचाच हुकूम चालतो. पण आज त्या गेममध्ये बोरखडी लीग उघडा. सामना संपला, की जो मागं आहे त्याच्यापुढं प्रश्न येतो — 'निकाल मान्य?' त्यानं होय म्हटल्याशिवाय जिंकलेल्याचं नाव लागत नाही. रेंज गेली, तर यंत्र दिवसभर थांबतं. लोखंडाला थांबायला शिकवलं हो त्या बाईनं!

आता तुमच्याकडं वळतो. नाही — आधी माझ्याकडं वळतो.

मंडळी, माझे थोरले बंधू कऱ्हाडला असतात. अण्णा. नऊ वर्षं आमचं बोलणं नाही. वडील गेले, तेव्हा त्यांची वीणा मी घेतली. चारचौघांत सांगितलं, वडिलांनी मरताना माझ्या हाती दिली. खोलीत तेव्हा मी एकटाच होतो. सगळ्यांनी मानलं. अण्णांनीही मान खाली घालून मानलं. दिली नव्हती, मंडळी. वडील म्हणाले होते, 'ही अण्णाला दे.'

ही बघा. विणेकऱ्यांच्या गळ्यात आहे तीच. सात वर्षं तिच्या सुरावर मी तुम्हाला सत्य शिकवतोय, आणि त्याआधी दोन वर्षं दुसऱ्या गावाला. उद्या सकाळच्या एस.टी.नं तिला घेऊन कऱ्हाडला निघालोय. अण्णा दार उघडतील की नाही, मला माहीत नाही.

तुमच्याकडं कुणाचं काय राहिलंय, ते मी कशाला विचारू? कुणीच बघत नव्हतं, तेव्हा तुम्ही एकटे होतात तिथं. मिटा डोळे. जोडा हात. आणि नाव घ्या — देवाचं नंतर, आधी त्या माणसाचं!