मागच्या बाकाची चिठ्ठी

— अहो, फाईल कुठं पळून जातेय, बसा हो तुम्ही. मोठ्या बाई पालकांना आवरतायत, आवरलं की येतीलच, तोवर तुमच्याशी बोलत बसायचं काम माझ्याकडे दिलंय. जाता जाता म्हणाल्या, "त्या शिक्षण ऑफिसच्या मॅडमशी जरा बोला, पण फार बोलू नका." आता मला सांगा, सव्वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला फार म्हणजे नेमकं किती, हे नको का सांगायला? मुख्याध्यापिका आहेत, पण मापात कच्च्या. चहा घ्या. आमच्या शिपाईमावशी साखर स्वतःच्या मूडप्रमाणे घालतात, आज मूड बरा दिसतोय.

हं, तर तुम्ही विचारत होतात, ही मागच्या बाकाची भानगड सुरू कशी झाली. भानगड नाही, उपक्रम — उपक्रम म्हणायचं असतं, नाही का? त्याचं असं झालं, एका आवारात आमच्या तीन शाळा. पुढच्या इमारतीत लहान मुलं, मधल्या इमारतीत आम्ही, आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकामाचा वर्ग. तिघांचं एकमेकांशी नातं काय? पाण्याच्या नळापुरतं. मोठ्या बाई आल्या आणि म्हणाल्या, असं चालायचं नाही, एकमेकांचं शिकवणं एकमेकांनी पाहिलं पाहिजे. दर गुरुवारी प्रत्येकानं दुसऱ्या इमारतीतल्या वर्गात जायचं, मागच्या बाकावर गप्प बसायचं — गप्प! — आणि चिठ्ठी लिहून डब्यात टाकायची. चिठ्ठीवर दोनच ओळी. काय पाहिलं, काय घेतलं. चुका काढायच्या नाहीत, शेरे मारायचे नाहीत, आपल्या वर्गासाठी काय उचललं तेवढंच लिहायचं. ऐकायला किती छान वाटतं, नाही? मलाही वाटलं. ऐकायला.

गेलं कोण? कुणी नाही. अहो, कुणाला आवडेल? आपल्या वर्गात दुसरं माणूस येऊन बसलं की आपल्याच स्वयंपाकघरात पाहुणी असल्यासारखं वाटतं. मग काय, गुरुवारी मधल्या सुट्टीत इथंच, या टेबलावर — तुम्ही कोपर टेकलंय ना, बरोबर तिथंच — आमचा कारखाना चालायचा. भाषेच्या बाई मजकूर सांगायच्या, विज्ञानाचे सर कोण कुणाकडे गेलं ते ठरवायचे, आणि लिहायची मी. निळी शाई, काळी शाई, तिरकं अक्षर, गोल अक्षर. डावखुऱ्या चित्रकलेच्या सरांसाठी डाव्या हातानंसुद्धा लिहिलंय मी, उगाच नाही. 'फळ्याचा वापर नेटका. मीही फळ्याचे दोन भाग करेन.' झाली चिठ्ठी! — अहो, हे लिहू नका हं. पेन ठेवा बघू खाली. बरं, हातात धरा, पण टोपण लावून.

आणि मग माझी अशी फजिती झाली, म्हणता सोय नाही. सुतार मास्तरांच्या शेडची पहिलीच चिठ्ठी राहिली होती. घंटा वाजत आलेली, भाषेच्या बाई तासाला पळालेल्या, मी घाईघाईत लिहून टाकलं, 'मास्तरांच्या तासाला वर्गात संपूर्ण शांतता असते. मीही माझ्या वर्गात अशी शांतता आणेन.' शांतता! सुताराच्या शेडमध्ये! दहा करवती आणि वीस हातोड्या एकदम चालतात तिथं, पलीकडच्या रस्त्यावरची कुत्री तक्रार करतात. मोठ्या बाईंनी मला बोलावलं, चिठ्ठी वाचून दाखवली, पुन्हा वाचून दाखवली, आणि चिठ्ठी फाडून म्हणाल्या, "पुढचे चार गुरुवार शेडमध्ये बसा. शांततेचा अभ्यास करा." एक शब्द जास्त नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांना वाटलं, एवढी एकच चिठ्ठी खोटी. मीही वाटू दिलं.

गेले. नाक मुरडत गेले, खोटं कशाला बोलू. केसांत भुसा, कानांत बोळे. मास्तरांनी एक स्टूल पुसून दिलं. आणि समोर भिंत बघते तर काय, खिळ्यांना सगळी मोडकी, वाकडी, फट पडलेली लाकडं टांगलेली. मुलांनी चुकवलेले जोड. ते फेकत नाहीत तिथं. नव्या मुलानं आधी भिंतीवरचं एक लाकूड काढायचं, बोट फिरवायचं आणि सांगायचं, इथं बिघडलं. आणि सगळ्यांत वरच्या खिळ्याला मास्तरांचा स्वतःचा जोड, त्यावर पेन्सिलीनं तारीख. दर महिन्याला नवीन! मी विचारलं, अहो मास्तर, चाळीस वर्षं काम करता आणि अजून चुकता? ते म्हणाले, "बाई, शोधलं की सापडतं." करवत लावायच्या आधी पोराला विचारतात, "तू कुठं चुकशील ते आधी सांग." आणि पोर सांगतं हो! हसत सांगतं. माझ्या वर्गात चूक म्हटलं की पोरांच्या माना खाली. सव्वीस वर्षांत मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली, ती त्या स्टुलावर.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि फळ्यावर अपूर्णांकांचं एक गणित सोडवलं, मुद्दाम चुकवलेलं नाही हं, माझ्या जुन्या वहीतलं, मी शाळेत असताना चुकवलेलं. म्हटलं, सांगा मी कुठं घसरले. आधी सगळ्यांनी वह्यांत डोकी घातली. मग तिसऱ्या बाकावरची ती मुलगी, खोडरबरानं वहीला भोकं पाडणारी, वर्षभरात तोंड न उघडलेली, उठली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही छेदांचीसुद्धा बेरीज केलीत." अहो, वर्ग असा हसला! मीही हसले. आता रोज एक चूक माझी, एक त्यांची. मुलं भांडतात, आज माझी घ्या म्हणून. तिमाहीला अपूर्णांकात नापास किती? दोन. आधी सतरा असायची.

मोठ्या बाईंनी विचारलं, "हे कुठून आणलंत?" — आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "सुचलं." एवढंच. तोंडातून निघून गेलं. मग सभेत टाळ्या झाल्या, नाव पडलं 'बाईंची पद्धत', आणि तेच नाव लिहून तो जिन्यासमोरचा तक्ता लागला, येताना पाहिलात ना? त्याची चौकट कुणी केली असेल? मास्तरांनी. मोठ्या बाईंनी सांगितलं, त्यांनी केली. वर काय लिहिलंय ते वाचून केली. भिंतीला धरून मलाच विचारतात, "उंची बरोबर आहे ना, बाई?" मी म्हटलं, थोडी वर घ्या. — वर घ्या म्हटलं हो मी!

काय म्हणालात? तुमच्या फाईलमधला तो वरचा कागद? मी मघाशीच वाचला. सव्वीस वर्षं पहिल्या बाकावरच्या वह्या उलट्याच वाचल्यात मी. शेड, पुढे शून्य. इतर वर्गांनी शेडकडून घेतलेलं, काही नाही. म्हणजे तीन शाळांच्या या गोतावळ्यात शेड कुणाच्या कामाची नाही, म्हणजे शेड बंद, मुलं कुठंतरी, मास्तर घरी. आणि ते तुम्ही आज संध्याकाळच्या आत ठरवणार. बरोबर आहे ना? मान हलवू नका, बोला. बरं, नका बोलू.

शून्य का आहे, सांगू? माझी फजिती झाल्यावर शेडबद्दल खोटं लिहायची कुणाची छाती होईना. आणि खरं लिहिणारी मी एकटी. लिहिल्या मी, चारही गुरुवारी लिहिल्या. डब्यापर्यंत गेले चारही वेळा. पण टाकल्या असत्या तर 'काय घेतलं' या ओळीत पद्धत मास्तरांची हे सगळंच आलं असतं ना. या घ्या. पर्समध्ये राहून चुरगळल्यात जरा. तुमच्या फाईलमध्ये दोनशे दहा चिठ्ठ्या आहेत. त्यातल्या निम्म्या तरी माझ्या हातच्या आहेत, वर्गात न जाता लिहिलेल्या, अक्षर ताडून बघा. लिहा आता. काढा टोपण. तक्त्यावरचं नावही चुकीचं आहे असं लिहा, माझं नाव घालून लिहा. तो ट्रेनिंगचा मान मला मिळणार होता ना, तीन शाळांत फिरून शिक्षकांना ही पद्धत शिकवायचा? तिथंही रेघ मारा. मारा म्हणते ना!

हे बघा, घंटा झाली. शेडचा तास सुरू झाला असेल. मागच्या दारानं जा, नळाच्या डावीकडून. स्टूल मागून घ्या. आणि मास्तरांना यातलं काही सांगू नका, ते उगाच ओशाळतील. मोठ्या बाईंनाही तुम्ही नका सांगू, त्यांना मी सांगते, माझं तोंड कधी थांबलंय? आल्याच बघा त्या. जा, जा तुम्ही.

या बाई. बसा ना. मॅडम शेडकडे गेल्यात. नाही, नाही, मी फार नाही बोलले. मला तुमच्याशी — ते तक्त्याचं — बाई, मी —