उंबरठ्यावरचे रविवार

केळीच्या चिकाचा तुरट, ओला वास आला की मला आई आठवते, ताई, कारण रावेरकडच्या बागांतून घड वाहून ती परतायची तेव्हा तिच्या पदराला तोच वास असायचा, आणि चिकाचे काळे डाग कितीही धुतले तरी जात नसत, तर ती म्हणायची, माझं लुगडं असंच राहणार, तू तुझी वही जप. यावलच्या वर, सातपुड्यात आमचा पाडा. आम्ही पावरा आदिवासी. आश्रमशाळेत बारावी झाले आणि धुळ्याला, देवपुरात, कॉलेजात आले. एकटी.

देवपुरात आमच्या डोंगरातल्या मुलांचं एक मंडळ होतं. ते कसं उभं राहिलं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मंडळ ज्याने उभं केलं तो जामसिंगदादा पहिल्यांदा शिकायला आला तेव्हा त्याच्या खोलीतला सोबती वर्गात आपल्या बोलीत काही बोलून गेला, सगळा वर्ग हसला, आणि तो दिवाळीला घरी गेला तो परत आलाच नाही. दादा म्हणायचा, तो गेला याचं दुःख नाही, त्याला आणायला आम्ही कोणी गेलो नाही याचं आहे. म्हणून त्याने आणि उरलेल्या मुलांनी शपथ घेतली की शिक्षण अर्ध्यावर सोडायचं नाही आणि मागच्याचा हात सोडून पुढे जायचं नाही. दर रविवारी दादाच्या खोलीत जमायचं, नव्या मुलाने उभं राहून आपल्या बोलीत नाव, पाडा, पाड्याजवळची नदी सांगायची, कोणी हसायचं नाही. उन्हाळ्यात पाडाफेरी, म्हणजे बारावी झालेल्यांच्या घरी जाऊन आईबापांची समजूत काढायची.

आता काय सांगू तुम्हाला, मी पहिल्याच रविवारी गेले तर दादाने दारातच अडवलं, रमिला, हे भावांचं मंडळ आहे, पुस्तकं लागली तर घेऊन जा, पण मुलींची जबाबदारी आमच्यानं होणार नाही, उद्या काही झालं तर तुझ्या बापाला तोंड कोण दाखवणार. मी म्हटलं, आत घेऊ नका, ऐकू तर द्या. आणि उंबरठ्यावर बसले. पुढच्या रविवारीही बसले, त्याच्या पुढच्याही. घरमालकीण अक्का अहिराणीत म्हणायची, आठे बशीन काय करी राहिनी व पोरी, उंबरठा झिजी जाई ना, आणि चहाचा कप पुढे करायची. आतून नद्यांची नावं ऐकू यायची. प्रत्येकाचा आवाज आधी कापायचा आणि नदीपाशी आला की ठाम व्हायचा. घरची बोली कानावर पडली की भूक लागल्यासारखं व्हायचं.

वर्षभर एक रविवार चुकवला नाही, तापातसुद्धा. तिथे बसून त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट कळली. ही मुलं पाडाफेरीला जात, घरात शिरून मुलगा कुठे आहे एवढंच विचारत, आणि बारावी झालेली बहीण समोरच भाकरी थापत असे. तिला कोणी विचारलंच नाही, आणि वर म्हणत, मुली येतच नाहीत. मागच्याचा हात सुटत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. मी भांडले नाही. उन्हाळ्यात आईला घेऊन पाडे फिरले. एक बाप म्हणाला, शिकून ही काय डोंगर हलवणार, तर आई म्हणाली, डोंगर राहू दे जागेवर, पोरगी हलली तरी पुरे.

पाच जणी धुळ्याला आल्या.

पुढच्या रविवारी आम्ही सहा जणी उंबरठ्यावर मावत नव्हतो. आतून कोणी म्हणालं, दादा, दार अडलं, आता आपणच कोंडलो. सगळे हसले, दादा हसला नाही. थोडा सरकला, तो सरकला म्हणून बाकीचे सरकले. मी उभी राहिले, नाव सांगितलं, पाडा सांगितला, नदी सांगताना रडले, पण थांबले नाही. त्यानंतर शिकून जाईपर्यंत दादा माझ्याशी धड बोलला नाही. आमची जबाबदारी त्याने घेतली नाही, मीही मागितली नाही.

आता मी देवपुरातच शाळेत शिकवते आणि मंडळाच्या मुली राहतात ती खोली बघते, तिथेच राहते. थकते कधीकधी, पण शपथ तीच आहे, रविवारही चालू आहेत. यंदा कॉलेजं उघडली तेव्हा जामसिंगदादा आला, केस पांढरे झालेले, बरोबर बारावी झालेली लेक. चहा घेतला, जुन्या मुलांची चौकशी केली, जुन्या गोष्टीचं नावही काढलं नाही. निघताना लेकीची पिशवी त्याने माझ्या खाटेशी ठेवली, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला,

सांभाळ.