ट्रकचा सिलिंडर

स्पेअरपार्टच्या दुकानात माझ्यापुढे साठीचे एक गृहस्थ मुलीला घेऊन उभे होते. त्यांनी गाडीतून काढलेला जुना सिलिंडर काउंटरवर ठेवला.

“ब्रेकचा मास्टर सिलिंडर द्या. याच्याहून मोठा.”

“हा तर ट्रकचा आहे, काका. गाडी कुठली?”

“मी घरीच सुटे भाग जोडून बनवलेली जीप आहे. पेडलवर उभा राहिलो तरी थांबत नाही.”

“अहो, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पायात जोरच उरला नाही म्हणतात बाबा. जीप विकायला काढलीय.”

“तू गप गं.”

“चाकांचे ब्रेक कुठले बसवलेत?”

“छोट्या कारचे.”

“मग सिलिंडर ट्रकचा कशाला?”

“म्हटलं, मोठा म्हणजे दणकट.”

“उलटं आहे, काका. सिलिंडर जितका मोठा, तितकं पेडल जड. याला पैलवानही दमेल. हा कारचाच लहान घ्या. पेडल जरा खोल जाईल, पण हलक्या पायाने ब्रेक लागेल.”

“म्हणजे पाय ठीक आहे माझा?”

“पायाचं डॉक्टरांना विचारा. पण ही चूक पायाची नाही.”

“...हाच द्या. लहान.”

“बाबा, संध्याकाळी तो माणूस जीप बघायला येतोय. त्याला काय सांगू?”

“सांग, ब्रेक लागत नाहीत.”