लाल फिती

लेक : बाबा, संग्रहालय आहे हे, दोरीच्या आत हात घालू नका. तो पहारेकरी मघापासून आपल्याकडेच बघतोय.

बाबा : बघू दे. या विमानाच्या पोटाखाली उताणं पडून माझी निम्मी नोकरी गेली. तेव्हा कुठे होती याची दोरी?

पहारेकरी : आजोबा, हात लावायची परवानगी नाही. लहान पोरं ऐकतात हो, मोठेच ऐकत नाहीत.

बाबा : लावत नाहीये, दाखवतोय. चाकाजवळ त्या फिती लोंबतायत ना, त्या लाल असतात. ऊन खाऊन पार गुलाबी पडल्यात. बदला म्हणावं कुणाला तरी.

पहारेकरी : सांगतो वर. तुम्ही वैमानिक होतात का?

बाबा : छे हो. मेकॅनिक. विमान तयार करून द्यायचं आणि खाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघायचं.

लेक : दादा, यांना जरा बसवू का इथे? उद्या सकाळी यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. आज संध्याकाळी दवाखान्यात दाखल व्हायचंय.

बाबा : व्हायचंय असं हिचं म्हणणं आहे. माझं अजून ठरलेलं नाही.

पहारेकरी : बसा की त्या बाकावर. मी दरवाजापाशी आहे.

लेक : परक्या माणसासमोर असं बोलायचं?

बाबा : खोटं काय बोललो? विमान बघून येतो, मग सांगतो, असंच म्हणालो होतो ना घरी? बघ याच्याकडे. कुणी बोल्ट खोलत नाही, कुणी पोटात हात घालत नाही. कसं ऐटीत उभंय. मलाही चारी बाजूंनी दोरी बांधा आणि द्या सोडून.

लेक : याला चार पायऱ्या चढून धाप लागत नाही. याला रात्री बसून झोपावं लागत नाही.

बाबा : तू वकील व्हायला हवी होतीस.

लेक : मस्करी पुरे झाली. आई गेली, आता तुमच्याशिवाय मला आहे कोण? रात्री मध्येच उठून तुमच्या दाराशी उभी राहते मी, श्वास चालू आहे ना ते ऐकायला. भीती वाटते मला, बाबा.

बाबा : मलाही वाटते गं. मरणाची तेवढी नाही. पण भूल देणार, मला काही दिसणार नाही, कळणार नाही, आणि तो डॉक्टर, ते कालचं पोरगं, माझं काळीज हातात घेणार. मिसरूड तरी फुटलंय का त्याला नीट?

लेक : याच्या पोटाखाली पडायचात तेव्हा तुम्ही केवढे होतात?

बाबा : तेविशीचा असेन.

लेक : आणि वर बसायचे ते?

बाबा : आमचे साहेब? चाळिशीला टेकलेले. दोन मुली होत्या त्यांना.

लेक : ते उतरून बघायचे, हा पोरगा खाली काय करतोय ते?

बाबा : आधी एक फेरी मारायचे सगळीकडून. पण एकदा पट्टे बांधून आत बसले की संपलं. मग पिना काढायचं काम माझं. उभ्या विमानाचं चाक दुमडू नये म्हणून त्या घालतात. एखादी काढायची राहिली, तर वर गेल्यावर चाक आत जात नाही. आणि आत बसलेल्याला ती दिसत नाही.

लेक : मग त्यांना कळायचं कसं?

बाबा : अगं, त्यासाठीच तर प्रत्येक पिनेला लाल फीत बांधलेली. पिना काढायच्या, विमानासमोर जाऊन उभं राहायचं आणि सगळ्या फिती मुठीत धरून हात असा वर करायचा. साहेब आतून मोजायचे, अंगठा दाखवायचे, मगच निघायचे. कितीही घाई असो, फिती दिसल्याशिवाय हलले नाहीत कधी.

लेक : म्हणजे एका पोराने हात वर केला, की दोन मुलींचा बाप आभाळात जायचा.

बाबा : फिती बघून जायचा.

लेक : फिती कुणाच्या हातात होत्या?

बाबा : काय करावं या मुलीला.

लेक : मी आज त्या डॉक्टरांना गाठते. रक्ताचे रिपोर्ट, औषधं, भूल कोण देणार, सगळं एकेक करून विचारते. तुमच्यासाठी नाही, माझ्या समाधानासाठी.

बाबा : डोकं खाशील त्या पोराचं.

लेक : खाईन. आणि तुम्हाला आत नेतील तेव्हा दाराशी उभी असेन.

[बाबा उठून दोरीपाशी जातात. बराच वेळ त्या चाकाकडे बघत राहतात.]

पहारेकरी : आजोबा, बंद करायची वेळ झाली हो.

बाबा : निघालोच. आम्हालाही दवाखान्यात पोचायचंय. फितींचं तेवढं विसरू नका.

लेक : बाबा, खरंच?

बाबा : चल आता, बोलण्यात उशीर नको. आणि हे बघ, तुझी ती लाल ओढणी आहे ना?

लेक : आहे. कपाटात आहे. का?

बाबा : वाटेत घरून घेऊ. सगळं विचारून झालं, तुझं समाधान झालं, की उद्या ती मुठीत धर आणि दाराशी उभी राहून हात वर कर.

लेक : करते.

बाबा : चांगला उंच कर. आत नेताना चष्मा काढून घेतात म्हणे.