हाताखालची माणसं

निबिया : …शून्य? यामान्दू, पुन्हा वाच. माझ्या नावापुढे शून्य?

यामान्दू : नावापुढे नाही गं, पगाराच्या नव्या तक्त्यातल्या एका रकान्यापुढे. ‘हाताखाली माणसं किती?’ डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईच्या हाताखाली कोण असतं? कुणी नाही. म्हणून शून्य गुण. आधी माते चहा घे, पाणी मस्त तापलंय.

निबिया : नको मला तुझं माते! ब्रूनोला किती गुण?

यामान्दू : ब्रूनो सॉफ्टवेअर मॅनेजर आहे.

निबिया : ती पाटी मी रोज वाचते. गुण सांग.

यामान्दू : पाच माणसं आहेत, म्हणजे… भरपूर. पगार तुझ्या दुप्पट बसतो.

निबिया : आणि ती पाच माणसं आली कुठून, आठवतंय? गेल्या वर्षी पर्यटनाच्या आठवड्याच्या सुट्टीत अख्खं मोन्तेविदेओ शहर समुद्रावर आडवं पडलेलं, आणि या महाशयांनी सरावाचा समजून खरा डेटाबेस पुसला. सगळी गिऱ्हाइकं साफ!

यामान्दू : आठवतंय. न आठवून कसं चालेल!

निबिया : परत कुणी आणली?

यामान्दू : तू. एकटीने.

निबिया : एकटीने! मग मालकांना दया कुणाची आली? ब्रूनोची! ‘बिचाऱ्यावर फार ताण पडतो’ म्हणून पाच मदतनीस. म्हणजे घाण केली म्हणून माणसं, माणसं म्हणून गुण, गुण म्हणून पगार. आणि मी निस्तरलं, तर मला भोपळा!

यामान्दू : हळू, बाई! भिंती काचेच्या आहेत. हा तक्ता काय मी केलाय? सल्लागाराने केलाय. चार वाजता मालक सही करणार, मग दोन वर्षं कुणी हात लावणार नाही त्याला. म्हणून तर तुला आधी दाखवतोय. ऐक, ब्रूनोची दोन माणसं कागदावर तुझ्याकडे दाखवतो.

निबिया : माणसं? मला? अरे, फार बोलतो म्हणून मी घरचा पोपट बहिणीला देऊन टाकला!

यामान्दू : नुसती कागदावर गं.

निबिया : मला मॅनेजर व्हायचंच नाही, यामान्दू. मला माझंच काम करायचंय, आणि त्याच कामाचा धड पगार हवाय. एवढं कळत नाही तुमच्या तक्त्याला?

यामान्दू : मला कळतं.

निबिया : मग लिही की!

यामान्दू : त्याला रकाना नाही. …आणखी एक आहे. ओरडू नकोस. त्या पाच जणांना बॅकअप घेता येत नाही. मालक म्हणाले, निबियाच शिकवेल.

निबिया : बरं. शिकवते तोवर तरी ते माझ्या हाताखाली ना?

यामान्दू : …नाही. ब्रूनोच्याच.

(निबिया मातेचा प्याला ओढून घेते. तळाचं पाणी संपेपर्यंत नळीने ओढल्याचा आवाज.)

निबिया : पुढच्या सोमवारपासून पर्यटनाचा आठवडा. मी चाललेय रोचाला, बहिणीकडे.

यामान्दू : जा ना, खुशाल जा! पोपटालाही भेट. फोन तेवढा चालू ठेव हं.

निबिया : तिथे माझा फोन लागत नाही.

यामान्दू : काहीतरीच! गेल्या वर्षी तिथेच तर लागला होता. केव्हापासून लागत नाही?

निबिया : आत्तापासून.