मिशीआडची कुस्ती

(कोल्हापुरातलं कुस्तीचं मैदान. लाइव्ह दाखवायला लॅपटॉपवर बसलेली शिवानी. शेजारी खुर्ची ओढून काजूवाले तात्यासो मगदूम.)

शिवानी : तात्या, ऐका की जरा. ही तुमची जाहिरातीची पट्टी लहान करूया.

तात्यासो : का? डोळ्यात खुपाय लागला व्हय माझा फोटू?

शिवानी : पडद्याचा खालचा भाग सगळा तुम्हीच खाल्लाय. काजूची बरणी, फेटा, मिशी! पैलवानाची पाठ टेकते ती खालीच की. मघाची कुस्ती कोण जिंकलं, बघणाऱ्यांना कळलंच नाही. 'काजू नको, कुस्ती दाखवा' म्हणून लिहायला लागलीत लोकं.

तात्यासो : लिहू देत. मी फोनवर काय सांगितलंतं? माझं नाव समद्यात वर पायजे.

शिवानी : म्हणून तर ठेवलंय! इथं लॅपटॉपवरच्या यादीत जे सगळ्यात वर, ते पडद्यावर सगळ्यांच्या पुढं दिसतं. पैलवानांच्यासुद्धा.

तात्यासो : अगं माझे आये! वर म्हंजे वर गं. डोसक्यावर टोपी असती तसं.

शिवानी : मग तसं सांगायचं की! थांबा, उचलते.

तात्यासो : आता नगं! उचलता उचलता गायबच झालो तर? प्राची उतरली बघ मातीत. लेकीच्या कुस्तीला बाप दिसाया नगं व्हय?

शिवानी : फोन वाजतोय तुमचा.

तात्यासो : घरनं हाय. पाय प्लास्टरात हाय न्हवं तुझ्या काकूचा, मोबाइलवर बघत बसलीया. बोल गं त्रिशला, स्पीकरवर हाय!

त्रिशला : अवो, पोरगी कुठं हाय?

तात्यासो : ही काय समोर! पाय धरून पट काढला बघ! हाण, प्राचे!

त्रिशला : मला नुसतं केस दिसत्यात. खाली तुमचं तोंड हाय.

तात्यासो : पाडली! दाब! सोडू नगंस!

त्रिशला : कुणी कुणाला पाडली? अवो, सांगा की!

तात्यासो : शिवाने, काढ मला! काढ की गं बिगी बिगी!

शिवानी : काढली, काढली पट्टी!

त्रिशला : पंच हात वर करतोय... प्राचीचा! जिंकली व्हय?

तात्यासो : आसमान दाखवलं गं तुझ्या लेकीनं!

त्रिशला : मला न्हाई दिसलं.

तात्यासो : अगं, जिंकली म्हणतोय न्हवं?

त्रिशला : पोरीनं तालमीला जाऊ नये म्हणून तुमी गाडीची किल्ली लपवून ठेवायचासा. मी पायी न्हेली तिला, पावसात, थंडीत. आन् आज तिनं पाठ लावली, तर मधी तुमची मिशी. लई वाईट वाटलं बघा.

तात्यासो : शिवानी... बाळ, काय तरी कर की. गेलंच व्हय ते?

शिवानी : कुठं जातंय? पट्टी नुसती वरनं टाकलेली असते, तात्या. कॅमेऱ्यातलं चित्र खाली शाबूत आहे. परत दाखवते, सावकाश. तुम्हाला कुठं ठेवू? वर, टोपीसारखं?

तात्यासो : मला नगं. तिचं नाव टाक. प्राची त्रिशला मगदूम. कोपऱ्यात, बारीक. माती दिसू दे.

शिवानी : आणि तुम्ही?

तात्यासो : मी बसतो की हितं, खुर्चीत.

शिवानी : काकू, बघा आता.

त्रिशला : दिसली गं! कशी धरलीया बघ माझ्या वाघिणीनं! टेकली... टेकली पाठ!

तात्यासो : दिसलं न्हवं समदं?

त्रिशला : दिसलं. पहिल्यांदाच तुमी आड आला न्हाईसा.