नमुना

लॅबवाली : फॉर्म अर्धाच भरलाय तुम्ही. तो पुरा झाल्याशिवाय रिपोर्ट हातात मिळत नाही.

वेल्डर : तू? तू इथे कधीपासून?

लॅबवाली : तुमच्या घरातून निघाले, त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. आणि इथे 'तू' नाही. मॅडम म्हणा.

वेल्डर : सहा वर्षं बायको होतीस माझी!

लॅबवाली : होते. वजन?

वेल्डर : अठ्ठ्याण्णव.

लॅबवाली : माझ्या वेळी बहात्तर होतं. खाणं?

वेल्डर : वर्कशॉपवर काय मिळणार? तळलेलं, नाहीतर पाकिटातलं. वर थंडगार कोल्ड्रिंकची बाटली.

लॅबवाली : किती बाटल्या?

वेल्डर : तीन-चार. वेल्डिंगच्या धगीपुढे घसा सुकतो.

लॅबवाली : पालेभाजी, फळं?

वेल्डर : पाला गुरं खातात.

लॅबवाली : तसंच लिहू का? बरं, पुढचा रकाना. गांजा?

वेल्डर : हळू बोल ना! बायको बाहेर बसलीय.

लॅबवाली : किती?

वेल्डर : कधीमधी.

लॅबवाली : गच्चीवर वाळत घातलेल्या माझ्या साड्यांना रोज वास यायचा. तोही कधीमधीच होता का?

वेल्डर : रोज संध्याकाळी. दोन चिलमी. तीनही होतात. लिही, झालं समाधान?

लॅबवाली : संबंधांच्या वेळी अडचण? हे फॉर्म विचारतोय, मी नाही.

वेल्डर : कधी जमतं, कधी नाही. थकलेला असतो माणूस.

लॅबवाली : आता थकवा का? तेव्हा म्हणाला होतात, तुझ्याकडे बघून कुणाला काय वाटणार.

वेल्डर : जुनं कशाला उकरतेस?

लॅबवाली : उकरायला पुरलं कधी होतं मी?

वेल्डर : ऐक. रिपोर्ट कसा आहे, एवढं सांग.

लॅबवाली : शुक्राणूंची संख्या फार कमी. हालचाल त्याहून कमी.

वेल्डर : गांजामुळे?

लॅबवाली : असू शकतं. खाण्यामुळे, वजनामुळे, त्या धगीमुळेही असेल. सगळं एकावर ढकलता येत नाही, ते डॉक्टर बघतील. पण गांजा सोडला, ताटात जरा पाला आला, तर तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासण्यात अर्थ आहे. बऱ्याच जणांचं सुधारतं. तेव्हा तपासलं असतंत तर...

वेल्डर : तर काय?

लॅबवाली : तर मूल होत नाही म्हणून माझ्या पोटावर दुर्बिणीच्या ऑपरेशनची भोकं पडली नसती. दोनदा. तुम्हाला नमुन्याची साधी बाटली भरून द्यायची होती, तर म्हणालात, मी पुरुष आहे, माझ्यात खोट नसते.

वेल्डर : चुकलं माझं. आता एकच कर. 'नॉर्मल' लिही. एक शब्द. सोमवारी तिचं ऑपरेशन आहे, आईनं तारीख घेतलीय. हा कागद असा घरी गेला तर आई मला तोंड दाखवू देणार नाही.

लॅबवाली : तिचंही दुर्बिणीचंच?

वेल्डर : हो. तसं साधंच असतं.

लॅबवाली : साधंच असतं! काल सूक्ष्मदर्शकाखाली तुमचं नाव लावलेली काच ठेवली ना, तेव्हा पेन हातात घेतलं. वाटलं, होता तो आकडाही पुसून टाकावा आणि शून्य लिहावं. तळतळाट होता, घर सोडल्यापासूनच्या सात वर्षांचा.

वेल्डर : मग लिहिलंस का शून्य?

लॅबवाली : नाही. तीनदा मोजलं. खरा आकडाच मला पुरला.

वेल्डर : सूड घेतेस?

लॅबवाली : घेतेय. आणि गोड लागतोय, खोटं कशाला बोलू? इथे बघा, ही सही कुणाची?

वेल्डर : माझी. का?

लॅबवाली : वर काय छापलंय ते वाचा.

वेल्डर : 'रिपोर्ट पती-पत्नी दोघांना एकत्र वाचून दाखवावा, यास माझी संमती...' मी हे वाचलंच नव्हतं!

लॅबवाली : घटस्फोटाच्या कागदांवरही न वाचताच सही ठोकली होतीत. संमती रद्द करायची असेल तर करता येते. फक्त बाहेर जाऊन तिला तसं तुम्ही स्वतः सांगायचं, की तुझ्यासमोर वाचलेलं मला नकोय.

वेल्डर : काय सांगू तिला?

लॅबवाली : ते मला नका विचारू. बोलावू का?

वेल्डर : ...बोलाव.

(लॅबवाली दार उघडून बायकोला आत घेते आणि रिपोर्ट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवते.)

बायको : म्हणजे माझं सोमवारचं?

लॅबवाली : आधी हा कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा. त्याआधी कशावरही सही करू नका.

बायको : दोन वर्षं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत, कुठून हा नमुना घरात आणला म्हणून.

लॅबवाली : मलाही नमुनाच म्हणायच्या.

बायको : तुम्हाला? अगं बाई, म्हणजे तुम्ही त्या...

लॅबवाली : हो, मीच ती.

वेल्डर : चल आता. आईचा फोन वाजतोय तुझ्या पर्समध्ये. उचलू नकोस.

बायको : हॅलो, आई? हो, आला नमुन्याचा रिपोर्ट. नाही, माझा नाही. तुमच्या मुलाचा.